शाळेच्या खिचडीतली भाजी गावातूनच घ्यायला हवी. पटतंय का?

माळरान (धागा सुरू करणारा)

शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे, त्यामुळे पोषण आहाराची चव बघून नोंदवहीत सही करायची पाळी अधूनमधून येते. खिचडी चांगली असते, उगाच नावं ठेवत नाही. पण तिच्यात भाजी हुडकावी लागते. परवा अख्ख्या पातेल्यात चार बटाटे, दोन टोमॅटो आणि वरून कोथिंबीर. झाली भाजी.

नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला सगळं दीडपट, म्हणजे भाजी ७५ ग्रॅम. तांदूळ पोत्याने येतो, डाळ-तेल-मसाला पुरवठादार आणून टाकतो, त्याची मोजदाद होते. भाजीचंच तेवढं 'तुमचं तुम्ही बघा'. मग काय होतं, तर आठवडी बाजारातून एकदा बटाटे-कांदे आणायचे, ते शनिवारपर्यंत पुरवायचे. पालेभाजी टिकत नाही म्हणून ती येतच नाही.

माझं म्हणणं एवढंच. आमच्या पटावर ४० मुलं, सगळी पाचवीच्या आतली. म्हणजे रोज २ किलो भाजी. शिवारात पालक, माठ, शेपू, दुधी, भोपळा, काय नाही? जूनमध्येच दोन-तीन शेतकऱ्यांशी किंवा बचत गटाशी बोलून ठेवायचं, दर महिन्याला समितीने ठरवायचा, आणि भाजीचे पैसे वेगळ्या खात्यावर महिन्याच्या सुरुवातीला आले पाहिजेत. गॅस संपला म्हणून त्यात हात घालायचा नाही. ब्राझीलने २००९ साली कायदाच केला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला निदान ३० टक्के माल छोट्या शेतकरी कुटुंबांकडूनच घ्यायचा. आपल्याला ४० पोरांची भाजी जमू नये?

खडूफळा

मुख्याध्यापक आहे, आणि साफ असहमत. भाजी कमी पडते हे खरं, पण त्याचं कारण तुम्ही चुकीचं सांगताय.

१ मे २०२५ पासून आहार शिजवण्याचा खर्च प्राथमिकला दर मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. तांदूळ यात नाही, तो केंद्राकडून येतो. पण डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी, सरपण किंवा गॅस, सगळं यातच. तुमच्या ४० मुलांचे झाले २७१ रुपये २० पैसे. डाळ-तेल वस्तुरूपात येतं म्हणजे ते पैसे कापूनच शाळेच्या हातात इंधन-भाजीपुरतं काय ते उरतं. आणि तेही 'येतं' म्हणायचं, दोन-तीन महिने बिल थकणं ही नेहमीची गोष्ट आहे. तोवर किराणा दुकानात उधारी माझ्या नावावर.

आता तुम्ही म्हणता शेतकऱ्याशी करार करा. म्हणजे आणखी एक रजिस्टर, आणखी एक देयक, आणखी एक 'अमक्याच्याच शेतातली भाजी का घेता' म्हणून ग्रामसभेत भांडण. भावकीतलं राजकारण मी शाळेच्या चुलीपर्यंत आणणार नाही. रोज ॲपवर किती मुलं जेवली ते भरायचं, तांदळाचा साठा जुळवायचा, परसबागेचे फोटो टाकायचे. शिकवायचं कधी?

पाणंद

माळरान दादा, मी भाजीवालाच आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. २ किलो भाजीसाठी कुणी रोज शाळेत येत नाही. माझा माल पहाटे बाजार समितीत जातो, तिथे शेकड्यावर जुड्या निघतात. तुमच्यासाठी मी चार जुड्या मागे ठेवायच्या, दहा वाजता पोरगा पाठवायचा आणि पैसे दिवाळीनंतर? ब्राझील राहू द्या बाजूला.

आणि दर. श्रावणात मेथीची जुडी पंचविसाच्या खाली उतरत नाही, जानेवारीत तीच पाचाला कुणी विचारत नाही. महिन्याचा दर ठरवला की एकदा मी बुडणार, एकदा शाळा.

पण एक होऊ शकतं. जो माल आकाराने लहान, वाकडा म्हणून बाजारात मार खातो, तो शाळेला चालतो. वाकडी काकडी खिचडीत कुणाला दिसते? माझ्याकडे रोज एखादं क्रेट असा माल निघतो. तो घेऊन जा. करार-बिरार नको, सकाळी फोन करा, असेल तर सांगतो.

तिखटमीठ

भाजी-भाजी करताय, अंड्याचं काय झालं ते बोला ना. नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्णय झाला, आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं. दर धरला ५ रुपये. थंडीत ५ रुपयांत अंडं मिळतं का हो? तरी शाळांनी कसंबसं चालवलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधीच बंद केला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक, साखरेलाही पैसे नाहीत, हवं तर लोकसहभागातून करा म्हणे. ज्या गावात लोकांनाच रोजगार हमीवर जावं लागतं, तिथे सहभाग कुणाचा मागायचा?

कर्नाटकात अंडं चालतं, तमिळनाडूत वर्षानुवर्षं चालतंय. अंड्यात भेसळ नाही, ते मोजता येतं, पोरगं टरफल सोलून स्वतः खातं. ५० ग्रॅम पालक ताटात आला की नाही हे कोण मोजणार? मुलं बाजूला काढून ठेवतात ते वेगळंच. माझा मुलगा कढीपत्त्याचं पान जिभेवर ओळखून काढतो, तिथे शेपू खाईल?

माळरान

ताई, अंड्याला माझा विरोध नाही, ते परत आलंच पाहिजे. पण अंडं आठवड्यातून एकदा होतं, बाकीचे पाच दिवस काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी १०० तले जवळजवळ ६९ जण रक्तक्षयाचे निघाले. ती मुलं आता शाळेत आहेत. अंड्याने प्रथिनं मिळतील, बी १२ मिळेल, लोहाचा प्रश्न त्याने सुटत नाही. डाळीत पालेभाजी आणि वर लिंबू, एवढं झालं तरी फरक पडतो. आणि शेपू कोण घालतंय? डाळीत घोटलेला पालक वेगळा काढताच येत नाही, हाच तर फायदा.

सर, बिलं थकतात हे मान्यच आहे. म्हणून तर पैसे आगाऊ मागतोय.

शहरबाजार

गावातल्या मंडळींना हे पटणार नाही, पण उत्तर मध्यवर्ती स्वयंपाकगृहात आहे. शहरात एका ठिकाणी हजारो मुलांचं शिजतं, भाजी घाऊक येते, यंत्रावर धुतली-कापली जाते, नमुना तपासायला जातो. तुमच्याकडे फवारणी केलेली भाजी चार दिवस थांबायची ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली तर? २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. जिथे देखरेख नाही तिथे 'ताजं' या शब्दाला काय अर्थ?

पाणंद

बिहारमध्ये ते तेलातून गेलं होतं, भाजीतून नाही. फवारणीचं म्हणाल तर बाजारातल्या भाजीवर कोण कधी काय मारून आलाय हे तुम्हालाही ठाऊक नसतं. गावात निदान कुणी काल पंप पाठीवर घेतला होता हे सगळ्यांना दिसतं.

चुलीपुढे

इतका वेळ वाचतेय. आई गेली अनेक वर्षं शाळेत स्वयंपाकी मदतनीस आहे, म्हणून लिहिते. तुम्ही भाजी कुठून आणायची यावर भांडताय, ती निवडणार कोण यावर कुणीच बोललं नाही.

आईच्या शाळेत १२० मुलं आहेत. ५० ग्रॅमच्या हिशोबाने ६ किलो. मेथी असेल तर निवडून ६ किलो भरायला गड्ड्यांचा ढीग लागतो. दोघीजणी. त्यातच तांदूळ निवडायचा, पाणी भरायचं, चूल पेटवायची, वाढायचं, १२० ताटं आणि पातेली घासायची. मानधन महिना अडीच हजार, तेही वर्षातले दहा महिने. यातला केंद्राचा आकडा १००० रुपये, तो २००९ पासून हललेला नाही, वरचं राज्याने घातलं म्हणून एवढं तरी आहे. २०२४ मध्ये तीन पदार्थांचं जेवण आलं, भाताचा प्रकार, मोडाची उसळ आणि खीर नाहीतर नाचणी सत्त्व. कागदावर छान. मटकी आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधायला आई रविवारी संध्याकाळी शाळेत जायची, त्याचे पैसे कुणी दिले? बटाटा सोपा पडतो म्हणून बटाटा येतो, एवढं साधं आहे.

शहरबाजार दादा, तुमच्या गाडीतून येणारी खिचडी भल्या पहाटे शिजलेली असते. आईची पानात पडते तेव्हा वाफ येत असते. तेवढं तरी सोडा आम्हाला.

तिखटमीठ

+१. मानधन वाढवा आधी.

परसदार

परसबागेचं कुणी नावच घेतलं नाही? आमच्याकडे मुलांनी हात धुतलेलं पाणी चारीने वळवलंय, त्यावर कढीपत्ता, पपई आणि शेवगा उभा आहे. शेवग्याला पाणी कमी लागतं, वर्षभर पाला मिळतो, त्यात लोह-कॅल्शियम दोन्ही. शेंगांची वाट बघायची गरजच नाही, पाला डाळीत टाका. खर्च शून्य.

खडूफळा

परसबाग स्पर्धेच्या आधी महिनाभर हिरवी असते हो, मी बघितल्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालतं? तुमच्याकडे बोअरला पाणी असेल. आमच्याकडे टँकर येतो तेव्हा आधी प्यायचं बघतात. आणि पोरांच्या हातात खुरपं दिलं की दुसऱ्या दिवशी पालक फाटकात उभे, 'शेतात राबायला शाळेत पाठवतो का?'

माळरान, तुमच्या मुद्द्यातला एकच भाग मला पटतो, भाजीच्या पैशाचं खातं वेगळं आणि रक्कम आगाऊ. ती येणार असेल तर करारावर पहिली सही माझी. आज येत नाही, म्हणून विरोध कायम.

माळरान

मग तेवढ्यावर तरी ठराव करू या सर. पुढच्या शाळा समितीत मी मांडतो: भाजीचे पैसे वेगळे, आगाऊ, आणि निवडायला आठवड्यातले दोन दिवस तिसरी बाई, रोजाने. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल, तिथे पडून राहील हे ठाऊक आहे, तरी. वाकड्या काकड्यांसाठी पाणंद यांना सोमवारपासून फोन करतो.

पाणंद

सोमवारी नको, सोमवारी तोडा नसतो. मंगळवारी नऊच्या आत. पिशवी तुमची.

चुलीपुढे

तिसऱ्या बाईचा रोज किती धरलाय ते ठरावात आकड्यात लिहा. 'योग्य मोबदला' लिहिलं की काहीच मिळत नाही.