कवटी-मानेचा सांधा सैल आहे, कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणके बसवणाऱ्याकडे) जावं का?

वर बघून फळीवरचा डबा काढला की डोकं मागे गळून पडेल असं वाटतं. दुपारनंतर हनुवटी तळहातावर टेकवूनच बसते. सांधे लहानपणापासून लवचिक, अंगठा मनगटाला टेकतो (शाळेत कौतुक व्हायचं!). एमआरआयनंतर डॉक्टर म्हणाले, कवटी आणि पहिल्या मणक्यामध्ये अस्थिरता आहे. मैत्रीण म्हणते, एकदा मान मोडून घे, मोकळं वाटेल. जाऊ का?

— अजिबात नको. तुमचा मणका अडकलेला नाही, नको तितका हलतोय. त्याला धरून ठेवणारे अस्थिबंधच सैल, त्यात झटका? तिथेच मज्जारज्जू आहे, शिवाय मानेतली धमनी आतून फाटू शकते.

— सगळेच झटका देत नाहीत, काही जण हलकं यंत्र वापरतात. पण त्यानेही अस्थिबंध घट्ट होत नाहीत. मला फिजिओथेरपिस्टने मान न हलवता कपाळ तळहातावर हलकेच दाबायला शिकवलं. कंटाळवाणं, पण आता भाजी चिरताना मान धरावी लागत नाही. हात बधिर होतात का तुमचे?

— हो, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकतात.

— मग व्यायामही थांबवा. आधी न्यूरोसर्जन, याच आठवड्यात.