घरबसल्या कॉम्प्युटरचं काम शिकायचंय, डाटा एन्ट्रीपासून सुरू करू का?

गोदाकाठ: बी.ए. झालंय, गाव सेलू तालुक्यात. जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. दिवसाला तीन तास निघतात, पण लाईटचा भरवसा नाही. एक जण २,५०० रुपये भरा, घरी डाटा एन्ट्री देतो म्हणायलाय. मराठी टायपिंगबी चालू केलंय, कृतिदेव फॉन्टमध्ये. सहा महिन्यांत कुणी पैसे देऊन करून घेईल असं काय शिकता येईल?

हिशेबनीस: भाऊ, २,५०० खिशातच राहू द्या. काम देणारा पैसे मागत नसतो. या लोकांची रीत ठरलेली: फॉर्म भरून घ्यायचे, ‘अचूकता कमी पडली’ म्हणून मजुरी बुडवायची, वर करार मोडला म्हणून वकिलाची नोटीस धाडायची. कुणाचे पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

नुसत्या टायपिंगला आता भाव नाही. बिघडलेली यादी दुरुस्त करून तिच्यातून उत्तर काढून देणाऱ्याला आहे. सरावाला कृषी पणन मंडळाच्या साईटवरचे बाजारभाव घ्या. लातूर, हिंगोली, परभणी, सोयाबीन, ३० दिवस. गूगल शीट्समध्ये उतरवा आणि पिव्होट टेबल करा, म्हणजे बाजारानुसार गोळाबेरीज लावून देणारा तक्ता. ऑफलाईनची सोय आधीच चालू करून ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी काम थांबत नाही.

इथं बहुतेक जण सरासरीत चुकतात. एका दिवशी १० क्विंटल ४,००० नं गेलं, दुसऱ्या दिवशी ९९० क्विंटल ४,५०० नं. साधी सरासरी ४,२५०, पण खरा भाव ४,४९५. दर गुणिले आवक, त्याची बेरीज, भागिले एकूण आवक. सम्प्रॉडक्ट (SUMPRODUCT) या सूत्रानं एका ओळीत होतं. ही शीट आणि खाली अर्ध्या पानाचा निष्कर्ष, एवढं घेऊन शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा आडत दुकानात जा. नुसत्या सर्टिफिकेटपेक्षा हे लवकर कळतं त्यांना.

अजून एक. बँक खात्याचे नंबर टाकायच्या आधी तो रकाना ‘प्लेन टेक्स्ट’ करा. नाहीतर सुरुवातीचं शून्य उडतं आणि १५ च्या पुढचे आकडे शून्य होऊन बसतात. मग पैसे भलत्याच खात्यावर.

टंकशाळा: टायपिंग सोडू नका, कृतिदेव सोडा. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखंच दिसणारं टायपिंग, नाही. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि शीटमध्ये ‘परभणी’ शोधलं तर सापडतच नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, फुकट. लिपिक-टंकलेखकाच्या जागांना मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं प्रमाणपत्र लागतं. सराव घरी होतो, परीक्षेचा फॉर्म मात्र मान्यताप्राप्त संस्थेतूनच भरावा लागतो.

गोदाकाठ: शीट केली. पिव्होटमध्ये लातूर दोनदा यायलंय! जादा स्पेस काढणारं ट्रिमचं सूत्र लावलं तरी तसंच.

हिशेबनीस: साईटवरून उचललेल्या नावामागं न तुटणारी जागा चिकटून येते. दिसायला साध्या स्पेससारखी, पण ट्रिम तिला हात लावत नाही. सबस्टिट्यूट (SUBSTITUTE) या सूत्रानं CHAR(160) च्या, म्हणजे त्याच स्पेसच्या, जागी काहीच नको असं सांगा, वरून ट्रिम. तरीही दोन राहिले तर एकात ‘तू’ दीर्घ आणि दुसऱ्यात ऱ्हस्व असणार, नीट बघा.