मदत हवी आहे: केस न्यू जर्सीत, रेकॉर्ड कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडे, आणि सपीना परत आलाय

निळी_ताडपत्री

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, आधीच सांगतो, पण अर्धवट सांगितलं तर नीट सल्ला मिळणार नाही म्हणून सगळं लिहितोय.

आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो. आईचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, म्हणून ती साताऱ्याहून यायच्या आत खालीच एक खोली आणि बाथरूम वाढवून घ्यायचं ठरवलं. काँट्रॅक्टरला चार हप्त्यांत मिळून ३८,५०० डॉलर दिले. पाया झाला, भिंतींचा सांगाडा उभा राहिला आणि तिथून तो जो गायब झाला तो झालाच. घराची मागची बाजू आजही निळ्या ताडपत्रीने झाकलेली आहे, रात्री वारा सुटला की ती फडफडते आणि झोप लागत नाही. आईचं तिकीट दोनदा पुढे ढकललं.

मी सुपीरियर कोर्टात लॉ डिव्हिजनला दावा लावला. वकील नाही, स्वतःच लढतोय. डिस्कव्हरीचे, म्हणजे ट्रायलआधी पुरावे आणि कागद मागवायचे, ३०० दिवस मिळाले होते, त्यातले आता ६८ उरलेत.

खरी अडचण पुढे आहे. चारपैकी दोन हप्ते चेकने दिले, १७,००० डॉलर. उरलेले २१,५०० त्याने पाठवलेल्या इनव्हॉइसच्या लिंकवरून ऑनलाइन भरले. ते एका वेगळ्याच एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर गेले, तेव्हा तो म्हणाला होता की हे आमचं मटेरियलचं खातं आहे. आता कोर्टात दिलेल्या उत्तरात लिहितो की मला फक्त १७,००० मिळाले, त्या एलएलसीशी माझा काहीही संबंध नाही. म्हणजे ते खातं कोणी उघडलं आणि पैसे पुढे कुठल्या बँकेत गेले हे दाखवल्याशिवाय माझे २१,५०० बुडाल्यात जमा. आणि हे फक्त पेमेंट कंपनीलाच माहीत आहे. कंपनी सॅन फ्रान्सिस्कोतली.

मी न्यू जर्सी कोर्टाचा सपीना, म्हणजे कागद हजर करा असा कोर्टाचा हुकूम, नीट भरला, काय काय कागद हवेत ते लिहिलं आणि सर्टिफाइड मेलने कंपनीला पाठवला. ते हिरवं पोचपावतीचं कार्ड सहीनिशी परत आलं तेव्हा इतकं बरं वाटलं की मी ते फ्रिजवर लावून ठेवलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं, दोनच परिच्छेदांचं: हा दुसऱ्या राज्याच्या कोर्टाचा सपीना आहे, कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे काढलेला नाही आणि रीतसर बजावलेलाही नाही, त्यामुळे आम्ही काहीही देणार नाही.

माझे वडील सातारच्या कोर्टात बेलीफ होते. आपल्याकडे साताऱ्याच्या कोर्टाचं समन्स कर्नाटकात बजवायचं असलं तरी तिथल्या कोर्टाकडे पाठवून बजावलं जायचं, हे लहानपणापासून ऐकलंय, त्यामुळे एका देशातल्या कोर्टाचा कागद दुसऱ्या राज्यात चालतो हेच डोक्यात पक्कं. इथे तसं नाही का? आता काय करू? परत न्यू जर्सीच्या जजकडे जाऊ का? आणि त्या काँट्रॅक्टरचे ईमेलसुद्धा त्याच्या ईमेल कंपनीकडून मागवता येतील का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

कोकणकडा

दादा, आधी ते कार्ड फ्रिजवरून काढून फाइलमध्ये ठेवा. त्या सपीनासाठी त्याचा उपयोग नाही, पण कंपनीला तुमची मागणी कोणत्या तारखेला कळली होती हे त्यावरून दाखवता येईल.

मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात पॅरालीगल (वकिलांची सहाय्यक) आहे, बाहेरच्या राज्यातले सपीना इथे बजावणं हे रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते. वकील नाही, त्यामुळे याला कायदेशीर सल्ला समजू नका.

कंपनीने तुम्हाला टोलवलं असं वाटेल, पण पत्रात लिहिलंय ते बरोबर आहे. राज्याच्या कोर्टाचा सपीना राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतो. फेडरल कोर्टाचा देशभर बजावता येतो, पण तुमची केस फेडरल नाही. आणि न्यू जर्सीच्या जजकडे जाऊन उपयोग नाही, कारण जी कंपनी केसमध्ये पार्टी नाही आणि बाहेरच्या राज्यात आहे तिला ते हुकूम करू शकत नाहीत.

पूर्वी यासाठी फार यातायात असायची, आपल्या कोर्टाकडून कमिशन किंवा विनंतीपत्र घ्यायचं, मग त्या राज्याच्या कोर्टात वेगळा अर्ज, बहुतेक वेळा तिथला वकील. २००७ मध्ये युनिफॉर्म इंटरस्टेट डिपॉझिशन्स अँड डिस्कव्हरी अ‍ॅक्ट नावाचा नमुना कायदा तयार झाला, आम्ही नुसतं यूआयडीडीए म्हणतो, आणि तो एकेका राज्याने स्वीकारला. कॅलिफोर्नियात तो १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. आता काम जजकडे नाही, क्लर्ककडे होतं. तुमच्या राज्याचा सपीना इथल्या क्लर्कला द्यायचा, तो त्याच मजकुराचा इथला सपीना काढून देतो. याला डोमेस्टिकेट करणं म्हणतात.

तुम्हाला दोन फॉर्म लागतील. एसयूबीपी-०३० हा अर्ज, आणि एसयूबीपी-०३५ हा प्रत्यक्ष सपीना, धंद्याच्या रेकॉर्डसाठीचा. सोबत न्यू जर्सीचा मूळ सपीना जोडायचा, फी भरायची, आणि जिथे रेकॉर्ड मागताय त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात द्यायचं, म्हणजे तुमच्या बाबतीत सॅन फ्रान्सिस्को. सगळ्या वकिलांची आणि वकील नसलेल्या पार्टीची नावं, पत्ते, फोन त्यावर हवेतच, ते नसले की अर्ज परत येतो. तुम्ही स्वतः अर्ज करू शकता, इथला वकील लागत नाही, आणि नुसत्या अर्जामुळे तुम्ही कॅलिफोर्नियाच्या कोर्टात हजर झालात असं धरलं जात नाही.

आता लोक हमखास चुकतात ती गोष्ट. ०३५ वर डिपॉझिशन ऑफिसर असा एक रकाना आहे. तिथे स्वतःचं नाव घालू नका. रेकॉर्ड स्वीकारणारा माणूस इथला रजिस्टर्ड फोटोकॉपियर, म्हणजे रेकॉर्डच्या प्रती काढून देणारा नोंदणीकृत व्यावसायिक, असावा लागतो, काही मोजके अपवाद सोडले तर. सपीना बजावणाऱ्या बऱ्याच कंपन्या हेही काम करतात, एकाच ठिकाणी दोन्ही उरकतं. तारीखही नीट मोजा. रेकॉर्ड द्यायची तारीख सपीना निघाल्यापासून २० दिवस किंवा बजावल्यापासून १५ दिवस, यातली जी नंतरची असेल तिच्या आधीची चालत नाही. तुमच्याकडे ६८ दिवस आहेत, क्लर्कला लागणारा वेळ धरा, या आठवड्यात हललात तर जमेल.

बजावणी टपालाने नाही, हातोहात. कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर कंपनीचं नाव टाका, रजिस्टर्ड एजंटचा, म्हणजे कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद स्वीकारणाऱ्याचा, पत्ता मिळेल, तिथे प्रोसेस सर्व्हरकडून बजावून घ्या आणि बजावणीचा सही केलेला कागद जपून ठेवा.

ईमेलचं विसरा. १९८६ चा स्टोअर्ड कम्युनिकेशन्स अ‍ॅक्ट आहे, त्यामुळे सिव्हिल केसच्या सपीनावर ईमेल कंपनी मजकूर देऊच शकत नाही. कितीही खर्च करा, हाती एक आक्षेपाचं पत्र येईल. ते ईमेल काँट्रॅक्टरकडूनच मागा, तो पार्टी आहे, त्याला द्यावे लागतात.

पंचगंगा

वरच्या ताईंनी सगळं चोख सांगितलंय. मी यातून गेलोय, मला जिच्याकडून रेकॉर्ड हवं होतं ती कंपनी पेनसिल्व्हेनियात होती, म्हणून दोन अनुभवाच्या गोष्टी.

एक म्हणजे आधी पत्र पाठवा, आजच. कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला लिहा की अमुक इनव्हॉइस नंबर, अमुक तारखा, अमुक रक्कम, याचं रेकॉर्ड पुसू नका, सपीना येतोय. तिऱ्हाईत कंपनीवर त्या पत्राचं बंधन किती हा वेगळा प्रश्न, पण बऱ्याच जागी लीगलवाले तेवढं रेकॉर्ड बाजूला काढून ठेवतात. मी हे उशिरा केलं. मला गोडाऊनचं कॅमेऱ्याचं फुटेज हवं होतं, सपीना पोचेपर्यंत त्यावर नवीन रेकॉर्डिंग झालेलं. आजही त्याची चुटपुट लागते.

दुसरं, मागणी आखूड ठेवा. मी "सर्व कागदपत्रे" असं लिहिलं होतं, त्यांच्या वकिलाने लगेच आक्षेप घेतला आणि दीड महिना पत्रापत्रीत गेला. आक्षेपाचं भांडण त्यांच्याच राज्याच्या कोर्टात, त्यांच्याच नियमांनी चालतं हे लक्षात ठेवा, म्हणजे तुमची मोशन (कोर्टाकडचा अर्ज) सॅन फ्रान्सिस्कोत, नवी फी भरून. तुम्हाला खरं म्हणजे तीनच गोष्टी हव्यात: खातं उघडताना दिलेली माहिती, तुमच्या दोन पेमेंटची नोंद, आणि ते पैसे ज्या बँक खात्यात गेले त्याचं नाव. एवढंच मागा.

चिंचेचं_झाड

मला एक कळलं नाही, त्या कंपनीचा न्यू जर्सीतसुद्धा रजिस्टर्ड एजंट असेल ना? बहुतेक मोठ्या कंपन्यांचा असतो. मग इथल्या इथे त्यालाच सपीना दिला तर एवढी धावपळ कशाला?

कोकणकडा

हा प्रश्न कायम येतो. एजंट आहे म्हणजे कंपनीवर खटला भरला तर समन्स तिथे देता येतं. पण जी कंपनी केसमध्ये पार्टीच नाही तिचं दुसऱ्या राज्यातलं रेकॉर्ड नुसत्या एजंटच्या पत्त्यावरून ओढून आणता येतं का, यावर वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळे निकाल आहेत आणि बऱ्याच कोर्टांनी नाही म्हटलंय. ६८ दिवस हातात असताना त्या वादात शिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना_देव्हारा

मी न्यू जर्सीतच असतो, माझ्या बहिणीची अशीच केस झाली, किचनची. दोन मुद्दे सुटलेत म्हणून लिहितोय.

सपीना कॅलिफोर्नियात जाईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. काँट्रॅक्टरला लेखी प्रश्न आणि कागदांची मागणी पाठवली का? त्यात सरळ विचारा की या एलएलसीत तुझी, बायकोची, भावाची मालकी आहे का, तिच्या खात्यावर सही कोणाची. शपथेवर खोटं लिहिलं आणि मग कंपनीचं रेकॉर्ड आलं तर त्याची पंचाईत होईल. ज्या राज्यात ती एलएलसी नोंदवलीय तिथली सरकारी नोंदही काढा, ती सार्वजनिक असते, तिला सपीना लागत नाही. आणि तुम्ही स्वतः पैसे भरणारे आहात, तुमच्या बाजूच्या पावत्या कंपनीकडून ग्राहक म्हणून मागा, त्या मिळायला हरकत नसावी.

दुसरं म्हणजे न्यू जर्सीचा कन्झ्युमर फ्रॉड अ‍ॅक्ट. घरदुरुस्तीचं ५०० डॉलरच्या वरचं काम असेल तर लेखी करार हवा, काँट्रॅक्टरची राज्याकडे नोंदणी हवी, आणि कायदा मोडल्यामुळे नुकसान झालं हे सिद्ध झालं तर तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी मिळू शकते. तुमच्या दाव्यात हा कायदा घातलाय का ते बघा. फी समोरच्याकडून मिळण्याची शक्यता असते म्हणून काही वकील अशा केसेस घेतात. बहिणीने शेवटी तसाच वकील केला आणि तिची झोप परत आली. एकट्याने लढण्यात कमीपणा नाही दादा, पण एकदा कन्सल्टेशन तरी घ्याच.

आणि ६८ दिवस कमी पडतील असं वाटलं तर मुदत संपायच्या आतच समोरच्याच्या संमतीने ६० दिवस वाढवून घेता येतात. संपल्यावर धावू नका.

निळी_ताडपत्री

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनला बायकोला उठवून हे वाचून दाखवलं.

काय काय केलं ते सांगतो. जपणुकीचं पत्र गेलं. कन्झ्युमर फ्रॉडचा मुद्दा दाव्यात होता, नोंदणी नंबर मात्र तपासला नव्हता, आता तपासतोय. काँट्रॅक्टरला लेखी प्रश्न पाठवले, त्यात बायको आणि भावाचं नाव घालून विचारलं. सपीना नव्याने लिहिला, तीनच मागण्या ठेवल्या, त्याची प्रत काँट्रॅक्टरच्या वकिलालाही पाठवली. कॅलिफोर्नियाचे दोन्ही फॉर्म भरून झालेत, सर्व्हिस कंपनी ठरवली, तीच फोटोकॉपियरचंही काम करते.

ताई, पाकीट चिकटवायच्या आधी दोन शंका. रेकॉर्ड आलं तरी ते खरं आहे हे सांगायला कॅलिफोर्नियाहून माणूस आणावा लागेल का? आणि इनव्हॉइसवर कंपनीचं जे नाव छापलंय ते सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर तसंच्या तसं सापडत नाही, तिथे त्याच्याशी मिळतीजुळती तीन नावं आहेत. कोणतं टाकू?

कोकणकडा

नावाचं आधी. पाकीट अजिबात चिकटवू नका. इनव्हॉइसवर असतं ते दुकानाच्या पाटीवरचं नाव, सपीनावर कायदेशीर नाव लागतं, शेवटच्या इन्क किंवा एलएलसीसकट. कंपनीच्या साइटवर युजर अ‍ॅग्रीमेंट उघडा, पहिल्या एक-दोन परिच्छेदांत करार कोणत्या कंपनीशी आहे ते पूर्ण नावाने लिहिलेलं असतं. ते त्या तिघांपैकी कोणाशी जुळतं बघा. तुम्हाला आलेल्या नकाराच्या पत्राचं लेटरहेड आणि सहीखालचं नावही ताडून पाहा. आणि हे नाव दोन्ही फॉर्मवर आणि न्यू जर्सीच्या सपीनावर अगदी एकसारखं हवं, तुमच्या सपीनावर जुनं नाव असेल तर तो आधी परत काढा. चुकीच्या नावावर गेलेला सपीना "या नावाचं रेकॉर्ड आमच्याकडे नाही" म्हणून परत येतो आणि तुमचे तीन आठवडे पुन्हा जातात.

साक्षीचं म्हणाल तर रेकॉर्डसोबत कस्टोडियनचं, म्हणजे कंपनीत रेकॉर्ड सांभाळणाऱ्याचं, शपथपत्र मागा, की हे आमच्या रोजच्या धंद्यात ठेवलेलं रेकॉर्ड आहे. ते आलं की काँट्रॅक्टरच्या वकिलाला लेखी विचारा, हे कागद खरे असल्याचं मान्य आहे का. बहुतेक जण कागदाच्या खरेपणावर भांडत नाहीत. हा नाही म्हणाला तर ट्रायलच्या बरंच आधी कळेल, मग वकिलाला दाखवून पुढचं ठरवा.

तिन्ही नावं इथे लिहू नका, मला मेसेज करा. आज रात्री बघून सांगते, उद्या सकाळी पाकीट टाका.