प्रतिसाद: काकाकुवा कोण मारणार?

जुनी चित्रं म्हणजे त्या काळच्या प्रयोगांचे फोटोच, असं वर कुणीतरी लिहिलंय. थोडा असहमत. इंग्रज चित्रकार जोसेफ राइटचं १७६८ सालचं हवेच्या पंपाचं चित्र घ्या (लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे). पंपाने हवा काढून घेतलेल्या काचेच्या हंडीत तडफडणारा पक्षी, वरच्या झडपेवर प्रयोग करणाऱ्याचा हात, भोवती मेणबत्तीच्या उजेडात जमलेली मंडळी. एका मुलीने डोळे झाकलेत, एक गृहस्थ घड्याळ घेऊन वेळ मोजतोय, आणि एका तरुण जोडप्याला एकमेकांपलीकडे काही दिसतच नाहीये!

पण तो पक्षी आहे पांढरा काकाकुवा. त्या काळच्या इंग्लंडात इतका दुर्मिळ, महागडा पक्षी असा कोण मारेल? राइटच्याच आधीच्या कच्च्या चित्रात साधा छोटा पक्षी होता. शिवाय तोवर जेम्स फर्ग्युसनसारखे व्याख्याते जिवंत प्राण्याऐवजी फुप्फुसासारखी फुगणारी पिशवी वापरा म्हणत होते, कारण प्रेक्षकांना ते बघवत नसे. म्हणजे पंप बारकाईने काढलेला, बाकी सगळं नाट्य.

वैद्यकातही तेच. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६३२ च्या चित्रात शरीररचना शिकवणारे डॉ. टुल्प प्रेताच्या हाताचे स्नायू उचलून दाखवतात, पोट मात्र शाबूत. प्रत्यक्षात विच्छेदन पोटापासून सुरू व्हायचं, आतले अवयव आधी सडतात म्हणून. आणि भोवतीची मंडळी? चित्रात झळकायला पैसे मोजलेले शल्यवैद्य. एकाच्या हातातल्या कागदावर नंतर सगळ्यांची नावंही घातली गेली.