मदत हवी आहे: ग्लायडर उजवीकडे वळवला की नाक डावीकडे जातं

माळावरचा_सोलापूर
स्टिक उजवीकडे मारली की पंख बरोबर उजवीकडे कलतो, पण नाक आधी डावीकडे जातं. मग रखडत वळतो आणि उंची घालवतो. डाव्या वळणाला उलटं. ट्रिम करून झालं, फरक शून्य. रविवारी परत उडवायचाय, लवकर सांगा.

हडपसरकर
सोलापुरात ग्लायडिंग कधी सुरू झालं? असो. पाय झोपलेत तुमचे. कॅनॉपीवर (कॉकपिटच्या काचेवर) लोकरीचा दोरा असतो ना, त्याचं टोक उजवीकडे गेलं की पायाने डावा रडर (शेपटीची उभी हलती पट्टी). दोरा मधोमध राहिला पाहिजे.

माळावरचा_सोलापूर
आरसी आहे ओ, रिमोटवरचं मॉडेल! मी खाली उभा, पाय कुठं मारू?

सर्किटकाका
सीजी (गुरुत्वमध्य) कुठे आहे?

बाल्सावाला
हा अ‍ॅडव्हर्स यॉ, म्हणजे नाक वळणाच्या उलट फिरणं. उजवीकडे वळताना डावा एलेरॉन (पंखामागची हलती पट्टी) खाली जातो, त्या पंखाची लिफ्ट (उचल) वाढते आणि सोबत ड्रॅगही (हवेचा विरोध). तोच ड्रॅग नाक डावीकडे ओढतो. पंख लांब आणि वेग कमी, म्हणून ग्लायडरला जास्त जाणवतं. एलेरॉन-रडर मिक्स लावा, म्हणजे एलेरॉन दिला की रिमोट आपोआप रडरही देईल; 30 टक्क्यांपासून सुरू करा. राईट बंधूंनी 1902 च्या ग्लायडरला हेच केलं: स्थिर शेपूट काढून हलता रडर बसवला आणि पंख पिळायच्या तारांना जोडला.

थर्मलखोर
मिक्स अजिबात नको. वळण स्थिरावलं की बाहेरचा पंख जास्त वेगाने जातो, ग्लायडर आणखी कलायला बघतो. तो रोखायला तुम्ही थोडा उलटा एलेरॉन देणार, आणि मिक्स त्याच्यासोबत रडरही उलटा देणार. अंगठ्याला सवय लावा.

बाल्सावाला
नवशिक्याचा अंगठा रविवारपर्यंत शिकतो होय?

शेंगाचटणी
माळ कुठला? होटगी रोडकडं नाही ना? तिथल्या विमानतळावर विमानं सुरू झालीत आता. विमानतळापासून 8 ते 12 किमीत 200 फुटांपर्यंतच ग्रीन झोन (परवानगीशिवाय उडवायची हद्द). नकाशा बघून उडवा.

दक्षिणसोलापूरकर
विमानांना अडथळा म्हणून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तरी विमानाची वाट बघण्यात दोन वर्षं गेली.

थर्मलखोर
चिमणीला वेगळा धागा काढा राव. माळावरचा, रडरचा थ्रो किती आहे, म्हणजे तो किती हलतो?

माळावरचा_सोलापूर
रडरला सर्व्हो (पट्टी हलवणारी छोटी मोटर) नाही. वजन नको म्हणून रडर फिक्स केलाय. एलेरॉनचे दोन सर्व्हो वाय केबलवर (दोन फाट्यांची वायर) एकाच चॅनेलला.

बाल्सावाला
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं!! आम्ही इथं मिक्सवरून भांडतोय.

थर्मलखोर
मग रविवारपुरतं डिफरेन्शियल करा, म्हणजे एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जाईल असं. वाय केबलवर रिमोटमधून होणार नाही, हाताने करावं लागेल. सर्व्होचा आर्म (दांडी) न्यूट्रलला (स्टिक मधोमध असताना) काटकोनात न ठेवता एखाद-दोन दाते सरकवा, दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखं. एलेरॉन वर 12 मिमी गेला तर खाली 6 च्या आसपास जावा. उलटं झालं तर आर्म दुसऱ्या बाजूला सरकवा. नाक भरकटणं कमी होईल, पूर्ण जाणार नाही.

हडपसरकर
आणि लँडिंगच्या शेवटच्या वळणात रडर जास्त, बँक (कल) कमी असं कधी करू नका. आतला पंख स्टॉल झाला (त्याची उचल गेली) की स्पिन, म्हणजे गरगरत खाली, आणि सावरायला उंची नसते.

थर्मलखोर
रडरच नाही त्याला.

इडलीगृह
थर्मोकोलला फेविक्विक लावू नका, विरघळतं.

माळावरचा_सोलापूर
आर्म सरकवून बघतो. रडरला 9 ग्रॅमचा सर्व्हो शेपटीतच बसवला तर चालेल का? सोलापुरात कुठं मिळेल?

सर्किटकाका
शेपटीत 9 ग्रॅम घातले की सीजी मागे जाणार. आता तरी सांगा, सीजी कुठे आहे?