मदत हवी आहे: मागून ‘टक्क’ आवाज, शॉकअप की स्प्रिंग?

मंडळी, 2009 ची हॅचबॅक आहे, 94 हजार किमी झालेत. रोज एलबीएस रोडने भांडुप ते कुर्ला, म्हणजे खड्ड्यांचं वेगळं सांगायला नको. हल्ली स्पीडब्रेकर उतरताना मागून डावीकडे ‘टक्क’ वाजतं. डिकी दाबून सोडली तर गाडी दोन-तीनदा हेलकावते, डावा शॉकअप तेलकट दिसतोय, टायरवर हात फिरवला तर उंचसखल लागतं.

गॅरेजवाला म्हणतो, एकच बदलू. मला वाटतं जोडीनेच बदलावेत. पण रिकामी उभी असतानाही गाडी डावीकडे बसलेली दिसते, ते शॉकअपमुळे होत नाही ना? स्प्रिंग तुटली असेल का? अ‍ॅक्सलचे बुश (जोडावरचे रबरी तुकडे) घरच्या घरी कसे तपासायचे? गणपतीला कोकणात जायचंय, घाटात ही गाडी न्यावी का?