मदत हवी आहे : निवृत्तीनंतरचा आरोग्य विमा, दोनपैकी कोणती पॉलिसी घ्यावी?

अर्धविराम
नमस्कार. मी या महिन्याच्या ३१ तारखेला निवृत्त होत आहे. माझ्यासमोर दोन पॉलिसींचे प्रस्ताव आहेत. दोन्ही फ्लोटर आहेत, म्हणजे आम्हा पती-पत्नीला मिळून एकच विमा रक्कम, आणि ती दोन्हींत १० लाख रुपये आहे. पहिलीचा वार्षिक हप्ता ६४,००० रुपये आणि दुसरीचा ४३,००० रुपये आहे. माहितीपत्रकात दोन्हींत मला सारख्याच गोष्टी दिसतात, मग २१,००० रुपये जास्त कशासाठी मोजावेत? एजंटला विचारले तर तो "साहेब, पहिली चांगली आहे" यापलीकडे काही सांगत नाही. कृपया पहिली की दुसरी एवढेच सांगावे. विम्याचे महत्त्व मला पटलेले आहे, त्यावर व्याख्यान नको. शनिवारपर्यंत निर्णय द्यायचा आहे.

शांभवी
पहिली की दुसरी हे सांगण्यासाठी तुम्ही दिलेली माहिती पुरेशी नाही. दोघांची वये काय आहेत? कोणाला आधीपासूनचा काही आजार आहे का? स्वस्त पॉलिसीत को-पे, म्हणजे बिलातला तुम्ही भरायचा हिस्सा, किती टक्के आहे आणि खोलीभाड्यावर मर्यादा आहे का? शिवाय आजवर तुमचे कवच कोणते होते?

काठावरचा
माझे मत थोडे वेगळे आहे. दरवर्षी ६४,००० रुपये कंपनीला देण्यापेक्षा तेच पैसे मुदत ठेवीत टाकावेत. दहा वर्षांत व्याजासह चांगली रक्कम उभी राहते आणि दावा मंजूर व्हावा म्हणून कोणाच्या पाया पडावे लागत नाही. मी गेली सहा वर्षे असेच करत आहे.

हिशेबनीस
काठावरचा, या सहा वर्षांत तुम्हाला रुग्णालयात दाखल व्हावे लागले नाही, म्हणून हा हिशेब जमला. दुसऱ्याच वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली असती, तर ठेवीत सव्वा लाख रुपये असते आणि बिल त्याच्या कितीतरी पट असते. ठेव जरूर करावी, पण ती को-पेसाठी आणि विम्यात न बसणाऱ्या खर्चासाठी.

अर्धविराम
वय माझे ६०, पत्नीचे ५८. आजार असा काही नाही. स्वस्त पॉलिसीत को-पे २० टक्के आहे. खोलीभाडे विमा रकमेच्या १ टक्का असे लिहिले आहे, म्हणजे दिवसाला १०,००० रुपये. तेवढे पुष्कळ झाले. आम्हाला काही आलिशान खोली नको आहे.

मितभाषी
या एका टक्क्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मी त्यात भाजलो आहे. माझी विमा रक्कम ५ लाख होती, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. वडिलांना दाखल करण्याच्या दिवशी ८,००० रुपयांचीच खोली शिल्लक होती. वरचे ३,००० रुपये आपण भरू, असा साधा हिशेब मी मनात केला होता. चार दिवसांनी डिस्चार्जच्या वेळी बिलिंगच्या खिडकीपाशी टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेचे, पत्र हातात पडले. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, परिचर्या आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून १,६०,००० रुपये झाले होते आणि त्यांपैकी १,००,००० रुपयेच मंजूर झाले होते. खोली हक्कापेक्षा महागडी घेतली, म्हणून या सगळ्या खर्चाचा पाच-अष्टमांश भागच (८,००० पैकी ५,००० या प्रमाणात) मिळाला. औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही, एवढाच काय तो दिलासा. खोलीभाड्यातील फरक धरून ७२,००० रुपये खिशातून गेले. हातमोजे, सिरिंज वगैरेंचे बिल वेगळेच. तुमची मर्यादा १०,००० रुपयांची आहे हे खरे, पण दहा वर्षांनी खोली केवढ्याला मिळेल याचा विचार करा. शिवाय २० टक्के को-पे म्हणजे ५ लाखांच्या बिलात एक लाख तुमचे. वर्षाला वाचणारे २१,००० रुपये असे एका दाव्यात जातात.

टेकडीवरचा
त्या ६४,००० वर १८ टक्के जीएसटीही धरावा. तो कोणी लक्षात घेत नाही.

हिशेबनीस
धरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही आणि फ्लोटर व ज्येष्ठांच्या पॉलिसीही त्यात येतात. कंपनीच्या सामूहिक पॉलिसीला मात्र ती सूट नाही. प्रस्ताव जुना असेल, तर ६४,००० मध्ये कर मिळवलेला आहे का, ते एजंटला विचारून घ्या.

टेकडीवरचा
दुरुस्ती मान्य आहे. तरीही हप्त्यावर मिळणाऱ्या आयकर वजावटीचा विचार करावा. ज्येष्ठांना ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते.

हिशेबनीस
मिळते, पण जुन्या करप्रणालीत. मूळ प्रश्न कराचा नव्हताच.

शांभवी
अर्धविराम, माझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. आजवरचे कवच कोणते? आणि "आजार असा काही नाही" या वाक्यातल्या "असा" या शब्दाचा अर्थ काय घ्यावा?

अर्धविराम
आजवर कंपनीची सामूहिक पॉलिसी होती. कुटुंबाला ५ लाख, गेली अकरा वर्षे. ती ३१ तारखेला संपेल, म्हणून तर नवीन घेतो आहे. हे उघड आहे असे मला वाटले. पत्नीला मधुमेह आहे, पण तो एका गोळीवर आटोक्यात आहे, त्यामुळे फॉर्ममध्ये लिहिण्याची गरज नाही असे एजंट म्हणाला. तिच्या गुडघ्यांबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांनी वर्षभरात निर्णय घ्यावा लागेल असे सांगितले आहे. आता तरी कोणी पहिली की दुसरी ते सांगेल का?

जुना जाणता
मी सांगतो. या टप्प्यावर दोन्ही नकोत.

तुम्ही जी गोष्ट उघड समजून सोडून दिली, तिच्यावरच सगळे उत्तर अवलंबून आहे. नवी पॉलिसी घेतली, की प्रतीक्षा कालावधी शून्यापासून सुरू होतो. अपघात सोडून पहिले ३० दिवस काही मिळत नाही. गुडघा बदलणे, मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक उपचारांसाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल तीन वर्षे. पूर्वी ही कमाल मर्यादा चार वर्षांची होती, २०२४ मध्ये ती खाली आली. म्हणजे वर्षभरात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तर ६४,००० वाली पॉलिसी असो की ४३,००० वाली, त्या शस्त्रक्रियेसाठी दोन्ही सारख्याच निरुपयोगी आहेत.

ज्या विमा कंपनीची सामूहिक पॉलिसी आहे, तिच्याच वैयक्तिक किंवा फ्लोटर पॉलिसीत स्थलांतर करण्याचा मार्ग तुम्हाला उपलब्ध आहे. त्याला मायग्रेशन म्हणतात. त्यात अकरा वर्षांची सलगता धरली जाते आणि प्रतीक्षा कालावधी पुरा झाल्याचे श्रेय मिळते, मात्र जुन्या ५ लाखांपुरतेच. १० लाखांची पॉलिसी घेतली, तर वरच्या ५ लाखांना प्रतीक्षा नव्याने लागेल. अर्ज सेवेत असतानाच आणि लेखी करा. कवच तुटल्यानंतर विनवण्या करण्यात अर्थ नसतो.

मार्गस्थ
स्थलांतर कशाला? सरळ दुसऱ्या चांगल्या कंपनीत पोर्ट करा. मी केले आहे. ४५ दिवस आधी अर्ज दिला, काम झाले.

जुना जाणता
तुमची पॉलिसी वैयक्तिक होती की सामूहिक?

मार्गस्थ
वैयक्तिक होती.

जुना जाणता
मग तुमचा अनुभव इथे लागू पडत नाही. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्यासाठी रूढ मार्ग असा आहे, की आधी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचे आणि पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी पटले नाही तर पोर्ट करायचे. नूतनीकरणापूर्वी ४५ ते ६० दिवसांच्या दरम्यान अर्ज, हे तुमचे म्हणणे तेव्हा उपयोगी पडेल. पोर्ट करतानाही नवी कंपनी प्रकृती तपासून नकार देऊ शकते, हे विसरू नये.

शांभवी
एजंटच्या त्या सल्ल्याविषयी मला बोलायलाच हवे. मी रुग्णालयात काम करते. रुग्ण दाखल होताना निवासी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "शुगर, बीपी आहे का, कधीपासून?" घाबरलेला माणूस त्या क्षणी खरे तेच सांगतो आणि ते केसपेपरच्या पहिल्या पानावर जाते. टीपीए पहिल्यांदा तेच पान मागवते. फॉर्मवर "नाही" आणि केसपेपरवर "आठ वर्षांपासून", एवढ्यावर दावा अडतो, कधी पॉलिसीही रद्द होते. सलग ६० महिने झाल्यावर माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्याला अपवाद आहे. तो कालावधी पूर्वी आठ वर्षांचा होता. एजंटला दावा भरावा लागत नाही, त्यामुळे गोळी एक आहे की तीन याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते.

काठावरचा
म्हणूनच मी मुदत ठेव म्हणत होतो.

अर्धविराम
सर्वांचे आभार. सुरुवातीला मी जरा तिरसटपणे लिहिले, त्याबद्दल क्षमस्व. आज मनुष्यबळ विभागात गेलो होतो. तिथल्या मुलीने मायग्रेशन हा शब्द ऐकलेला नव्हता, पण तिने टीपीएच्या माणसाशी फोन जोडून दिला. त्याने सांगितले, की अर्ज आणि अकरा वर्षांच्या सलग कवचाचे पत्र द्यावे, वैद्यकीय तपासणी होईल आणि हप्ता वयाप्रमाणे ठरेल. आता प्रश्न असा, की ५ लाख पुरतील का? आणि आईचे काय करायचे? तीही याच पॉलिसीत आहे. वय ८१.

हिशेबनीस
आईंचा उल्लेख आता, धाग्याच्या एवढ्या खाली?

अर्धविराम
कोणी विचारलेच नाही.

जुना जाणता
दोन्ही प्रश्न वेगवेगळे घेऊ.

आईंना तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नका. फ्लोटरचा हप्ता सर्वांत वयस्क सदस्याच्या वयावर ठरतो, त्यामुळे तुम्हा दोघांचा हप्ता ८१ व्या वर्षाच्या दराने येईल. त्यांच्यासाठी स्वतंत्र स्थलांतराचा भाव विचारा, आणि तो परवडो अथवा न परवडो, आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ अखेरपासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता केंद्र सरकारच्या या योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे कवच मिळते. नोंदणी आधारवर होते. आधीपासूनच्या आजारांना पहिल्या दिवसापासून कवच असते आणि खासगी विमा असला तरी कार्ड काढता येते. योजनेच्या यादीतील रुग्णालयातच ते चालते आणि बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च त्यात येत नाही, म्हणून तुमच्या नेहमीच्या रुग्णालयाचे नाव यादीत आहे का, ते आजच पाहून ठेवा. घाईच्या वेळी ते पाहणे होत नाही.

हिशेबनीस
रकमेबद्दल मी सांगतो. ५ लाखांची मूळ पॉलिसी स्थलांतरित करा आणि तिच्यावर ५ लाख डिडक्टिबलची सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे खर्चाचे पहिले ५ लाख सोडून त्यावरचा भाग देणारी जोड-पॉलिसी. "सुपर" हा शब्द नीट वाचून घ्या. समजा, एकाच वर्षात दोनदा दाखल व्हावे लागले, एकदा ४ लाख आणि एकदा ३ लाख. मूळ पॉलिसी ५ लाख देईल. सुपर टॉप-अप वर्षाचा एकूण खर्च मोजते, म्हणून उरलेले २ लाख ती देईल. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक दाव्याचा खर्च वेगळा मोजतात, आणि दोन्हींपैकी एकही दावा एकटा ५ लाखांच्या वर गेला नाही, म्हणून ती एक रुपयाही देणार नाही. सुपर टॉप-अपला तिची स्वतःची प्रतीक्षा असते, तेव्हा गुडघ्यांसाठी तिच्यावर विसंबू नका.

काठावरचा
हप्ता पुढच्या वर्षी दुप्पट केला तर? माझ्या शेजाऱ्यांचा केला होता.

हिशेबनीस
साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे. दहा-दहा टक्क्यांनीही सात-आठ वर्षांत रक्कम दुप्पट होतेच, ही तुमची भीती अगदीच गैरलागू नाही. म्हणून निवृत्तीच्या रकमेतून हप्त्यांसाठी वेगळी ठेव बाजूला काढावी. घ्या, तुमच्या मुदत ठेवीला शेवटी जागा मिळाली.

टेकडीवरचा
श्रवणयंत्राचा खर्च कोणत्या पॉलिसीत मिळतो, हे कोणाला ठाऊक आहे का? माझ्या काकांसाठी हवे आहे.

मितभाषी
श्रवणयंत्राचा खर्च साधारणतः वगळलेलाच असतो. त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

अर्धविराम
ताजी स्थिती कळवतो. दोन्ही प्रस्ताव परत केले. एजंट नाराज झाला. स्थलांतराचा अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे आणि मेलही पाठवून ठेवला आहे. आईच्या कार्डाची नोंदणी झाली. तपासणी गुरुवारी उपाशीपोटी आहे. काल रात्री जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरत होतो. मधुमेह कधीपासून, या रकान्यात मी २०१९ लिहिले. पत्नीने चष्मा लावून ते वाचले, उठून कपाटातील जुनी फाइल आणली आणि पहिले प्रिस्क्रिप्शन माझ्यासमोर ठेवले. तारीख २०१७ ची होती. खाडाखोड केलेला फॉर्म चालतो, की नवा मागवावा लागेल?

शांभवी
नवा मागवा.